प्रतिशिवाजी : नेताजी पालकरांचे जाणे आणि येणे

आषाढी वारीत वेळापूरजवळचा एक उतार प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी तिथे आली, की दिंड्या पंढरीच्या दिशेने धाव घेतात. याच ठिकाणाहून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, पंढरपूर आणि त्यापुढे मंगळवेढा. हा मार्ग आपल्याला भक्तीचा म्हणून ठाऊक आहे. पण या मुलुखाने फौजाही पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्या एका फौजेची, आणि तिच्यातून निघून गेलेल्या एका सरदाराची ही कहाणी.

वेळापूरला कधी गेलात, तर अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन मंदिरात जरूर जा. मूर्ती पाहाच, पण परिसरातल्या वीरगळांपुढेही थोडे थांबा. वीरगळाची रचना साधारण ठरलेली असते. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर ही कीर्ती टिको, असा त्याचा अर्थ.

जो लढता लढता पडला, त्याला दगड मिळाला. जो वर्षानुवर्षे लढला आणि एके दिवशी समोरच्या छावणीत निघून गेला, त्याचे काय करायचे? त्याच्यासाठी आपल्या गावांनी कोणताच दगड घडवला नाही.

अमेरिकेत मात्र असा एक दगड आहे. साराटोगाच्या रणभूमीवर १८८७ मध्ये उभारलेल्या एका स्मारकावर एक बूट कोरलेला आहे. ज्याचा तो पाय, त्याचे नाव त्यावर नाही. तो पाय बेनेडिक्ट अर्नोल्डचा. १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत तो पायाला जबर जखम होईपर्यंत लढला. अमेरिकन क्रांतीला वळण देणाऱ्या त्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. कनिष्ठांना त्याच्या आधी बढत्या मिळाल्या होत्या. तो अपमान त्याच्या मनात साचलेला होता. १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या हवाली करण्याचा त्याचा कट उघडकीस आला आणि तो पळून इंग्रजांना मिळाला. १८०१ मध्ये तो लंडनमध्ये मरण पावला. मायदेशी त्याला परतता आले नाही.

आता आपल्याकडे वळू.

नेताजी पालकर हे नाव उच्चारले, की त्यापाठोपाठ ‘प्रतिशिवाजी’ हा शब्द येतो. दुसरा शिवाजी. माणकोजी दहातोंड्यांनंतर स्वराज्याची सरनौबती, म्हणजे घोडदळाचे सेनापतिपद, नेताजींकडे आली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान पडला. आपल्या आठवणीत तो प्रसंग शामियान्यातल्या त्या काही क्षणांपुरता उरलेला असतो. खानाची फौज मोडणे हे वेगळे आणि मोठे काम होते, आणि त्यात नेताजी अग्रभागी होते. त्यानंतर त्यांच्या घोडदळाने आदिलशाही मुलुखात जी मुसंडी मारली, तिच्या बातम्यांनी विजापूर हादरले. डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमानच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हाही ते महाराजांबरोबर होते.

सगळेच प्रसंग यशाचे नव्हते. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले, तेव्हा नेताजी आणि सिद्दी हिलाल यांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. तो फसला. हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. पन्हाळा आणि नेताजी यांची गाठ तिथे पहिल्यांदा अशी पडली. दुसऱ्यांदा पडली ती सहा वर्षांनी, आणि ती फार महागात गेली. १६६३ मध्ये मोगलांनी पाठलाग करून त्यांना गाठले, तेव्हा घोडी गेली, माणसे गेली, आणि स्वतः नेताजी जखमी होऊन कसेबसे निसटले. हे सारे एवढ्यासाठी सांगायचे, की १६६६ च्या आधीची सात-आठ वर्षे हा माणूस स्वराज्यासाठी घोड्यावरून उतरलेला दिसत नाही.

मग जून १६६५ उजाडला. मिर्झाराजे जयसिंहांनी पुरंदरला वेढा घातला होता, दिलेरखानाच्या तोफा वज्रमाळ पाडून पुढे सरकल्या होत्या, मुरारबाजी पडले होते. महाराजांनी तह केला. तेवीस किल्ले आणि त्यांखालचा चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना गेला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. हा चार लाखांचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. शंभूराजांना पाच हजारी मनसब मिळाली. हाही आकडा लक्षात ठेवा.

तहाची आणखी एक अट होती : विजापूरवरील मोहिमेत महाराजांनी मोगलांना लष्करी मदत करायची. दोन हजार स्वार आणि सात हजार पायदळ.

नोव्हेंबरात मिर्झाराजांची फौज पुरंदराखालून हलली. डिसेंबर १६६५ मध्ये फलटण हाती आले, ताथवडा, खटाव ही ठाणी पडली, आणि महिना सरता सरता मंगळवेढाही. माळशिरस-पंढरपूरच्या या पट्ट्यात त्या थंडीत जे दृश्य असेल, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. पुढे मोगलांचा प्रचंड लवाजमा, आणि त्यात मराठ्यांची नऊ हजारांची तुकडी. ज्या घोडदळाने सहा वर्षांपूर्वी विजापूर स्वतःच्या हिमतीवर हादरवले, तेच आता दुसऱ्याच्या निशाणाखाली विजापूरवर चालले होते. तुकडीच्या अग्रभागी महाराज, आणि त्यांच्या शेजारी नेताजी.

मोहीम फसली. विजापूरकरांनी शहराभोवतीची तळी फोडली, विहिरी निकामी केल्या, झाडे तोडली. सर्जाखान, खवासखान यांच्या घोडदळाने मोगलांना भंडावून सोडले. राजधानी अवघ्या काही कोसांवर आली असताना, जानेवारी १६६६ च्या पहिल्याच आठवड्यात मिर्झाराजांना माघार घ्यावी लागली. हरलेल्या छावणीत दोषी शोधले जातात. या छावणीत ते शोधायला फार लांब जावे लागले नाही; मोगल सरदारांची, विशेषतः दिलेरखानाची, नजर मराठ्यांवर होती. महाराजांनी सुचवले, की मी पन्हाळा घेतो, त्यामुळे शत्रूची फौज तिकडे खेचली जाईल. मिर्झाराजांनी लगेच परवानगी दिली. दोघांनाही त्या क्षणी एकमेकांपासून दूर होणे सोयीचे होते, असे मला वाटते.

१६ जानेवारी १६६६. पहाटेच्या अंधारात मराठ्यांनी पन्हाळ्यावर चढाई केली. किल्ला सावध होता. जवळजवळ हजार माणसे जायबंदी झाली किंवा मेली. उजाडले तेव्हा हट्टाने लढत राहण्यात अर्थ उरला नव्हता. महाराज विशाळगडाकडे निघून गेले.

नेताजी वेळेवर पोचले नव्हते.

त्यानंतरच्या काही दिवसांतच मिर्झाराजांच्या छावणीत बातमी आली : नेताजी पालकर विजापूरला मिळाला, त्यासाठी त्याला चार लाख होन मिळाले, आणि तो आता मोगली मुलूख मारतो आहे.

चार लाख होन. पुरंदरच्या तहात स्वराज्याने जेवढ्या वार्षिक उत्पन्नाचा मुलूख गमावला, तेवढाच आकडा.

इथे साधनांची थोडी चर्चा करणे भाग आहे, कारण सगळा वाद इथेच आहे. सभासदाच्या बखरीनुसार महाराजांनी नेताजींना ऐन वेळी न पोचल्याबद्दल जाब विचारला, त्यांची सरनौबती काढली, आणि ती कडतोजी गुजरांना ‘प्रतापराव’ हा किताब देऊन बहाल केली. म्हणजे आधी बडतर्फी, मग जाणे. मिर्झाराजांच्या पत्रव्यवहारात मात्र बडतर्फीचा विषय नाही. तिथे लाच आहे. सभासदाने आपली बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी लिहिली. मिर्झाराजांची पत्रे त्याच आठवड्यांतली आहेत. पण पत्रलेखक ती बादशहाला लिहीत होता, स्वतःची फसलेली मोहीम झाकत होता, आणि मराठ्यांच्या गोटात काय बोलणे झाले हे त्याला हेरांकडूनच कळत होते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माणूस अपमानाने उठतो आणि बाहेर कुणीतरी थैली घेऊन उभा असतो. अर्नोल्डच्या बाबतीत नेमके तेच घडले होते. पन्हाळ्याची चढाई आणि विजापूरचे दरबारी यांच्यातले दिवसांचे अंतर इतके कमी आहे, की बोलणी आधीपासून चालू असावीत, असा संशय मला येतो. विजापूरकरांना तर असे करणे गरजेचेच होते. मोगल दारात उभे असताना मराठ्यांचा सेनापती फोडणे याहून स्वस्त बचाव कोणता?

मग हा फितवा म्हणायचा का? सतराव्या शतकातल्या दक्षिणेत चाकरी बदलणे ही रोजची गोष्ट होती. खुद्द शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तिन्ही ठिकाणी चाकरी केली. देशमुख-सरदारांची पहिली निष्ठा वतनावर असे. धनी येत-जात असत. शिवाय तो क्षण पाहा. महाराज त्या वेळी मोगलांच्या बाजूने लढत होते आणि नेताजी निघून गेले ते मोगलांच्या शत्रूकडे. ‘बाजू’ म्हणजे नक्की कोणती, असा प्रश्न त्या जानेवारीत कुणालाही पडला असता.

हे सगळे मान्य करूनही मी त्याला फितवाच म्हणेन. कारण महाराजांनी जे उभारले होते, त्याचा मूळ अर्थच हा होता, की धनी बदलण्याच्या या जुन्या रीतीबाहेर काहीतरी निर्माण व्हावे. अफझलखानाच्या स्वारीत खंडोजी खोपडे खानाला मिळाले, तेव्हा कान्होजी जेध्यांनी रदबदली केली म्हणून त्यांचा जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय कलम झाला. जुन्या रीतीने पाहिले तर खोपड्यांनी काही भलते केले नव्हते. आदिलशाहीचा देशमुख आदिलशाहीच्या सेनापतीला मिळाला, इतकेच. नव्या रीतीने तो गुन्हा होता. आणि ही नवी रीत सरनौबताइतकी कुणाला ठाऊक असणार?

तिची किंमत काय पडली, ते आता पाहू. ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

मिर्झाराजे घाबरले. नेताजी गेले, उद्या त्यांच्यामागे शिवाजीराजेही विजापूर-गोवळकोंड्याला जाऊन मिळाले तर? त्यांनी बादशहाला लिहिले, की शिवाजीला काहीही करून आपलेसे ठेवले पाहिजे आणि उत्तरेला, दरबारी पाठवले पाहिजे. आग्र्याच्या भेटीचा विचार आधीपासून होता की नाही यावर वाद घालता येईल. तो निकडीचा झाला तो नेताजींच्या जाण्यामुळे. ५ मार्च १६६६ रोजी महाराज राजगडाहून निघाले.

त्याच मार्चमध्ये मिर्झाराजांनी नेताजींना विजापूरकरांकडून पुन्हा फोडले. अडतीस हजार रुपये रोख, जहागीर, आणि पाच हजारी मनसब. दोन महिन्यांत या माणसाने तीन धनी पाहिले.

पाच हजारी. शंभूराजांना मिळाली होती तीच.

१२ मे १६६६. आग्र्याचा दरबार. महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले. ते संतापले, आणि रामसिंहासमोर त्यांनी जी तक्रार केली, ती राजस्थानी पत्रांमुळे आपल्यापर्यंत पोचली आहे. तिचा आशय असा : माझा लहानगा मुलगा दरबारात न येताही पंचहजारी, माझा चाकर नेताजी पंचहजारी, आणि एवढी सेवा करून, एवढ्या लांब येऊन मीही त्याच पायरीवर?

आग्र्याच्या त्या दरबारात नेताजी नव्हते. ते शेकडो कोस दूर, दक्षिणेत मोगलांच्या छावणीत होते. पण महाराजांच्या अपमानाचे माप त्यांच्याच मनसबीने मोजले गेले.

इथे एक लोकप्रिय तर्क तपासून घेऊ, कारण तो मला दर वेळी विचारला जातो. तो असा, की हा सगळा महाराजांचाच डाव होता : आपण आग्र्याला जाणार, तेव्हा दक्षिणेत मोगलांच्या गोटात आपला माणूस असावा, म्हणून नेताजींना मुद्दाम पाठवले. हा तर्क आवडतो, कारण त्यात कुणीच फितूर ठरत नाही. पण तो तारखांपुढे टिकत नाही. महाराज आग्र्याहून निसटले १७ ऑगस्टला. डावातला माणूस ती बातमी कानी पडताच घोड्यावर बसला असता. छावणी दक्षिणेत होती, वाटा पाठ होत्या. नेताजी ऑक्टोबरपर्यंत मोगलांच्याच छावणीत आहेत. शिवाय, जो डाव महाराजांना मिर्झाराजांच्या नजरेत संशयित करतो आणि आग्र्याला ढकलतो, तो डाव महाराज कशासाठी आखतील?

ऑक्टोबर १६६६. शिवाजी हातून गेला. निदान दुसरा शिवाजी तरी सुटू नये, म्हणून औरंगजेबाने नेताजींना कैद करण्याचा हुकूम सोडला. बीड जिल्ह्यातल्या धारूरजवळ त्यांना पकडण्यात आले. महाराजांना सोडून नऊ महिने झाले होते, तरी मोगलांच्या लेखी ते शिवाजीचेच माणूस होते. त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच. कुणाचे म्हणवून घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हातून केव्हाच निघून गेला होता.

दिल्लीत नेल्यावर पर्याय फारसे उरले नव्हते. १६६७ च्या सुरुवातीला त्यांचे धर्मांतर झाले; नवे नाव मुहम्मद कुलीखान. तीन हजारी मनसब मिळाली, म्हणजे पहिलीपेक्षा कमीच. मग त्यांना काबूलकडे रवाना केले. औरंगजेबाची ही युक्ती साधी होती : सह्याद्रीचा माणूस हिंदुकुशात नेऊन ठेवायचा. तिथून निसटून जाणार तरी कुठे?

काबूलची ती वर्षे शांततेची नव्हती. १६६७ मध्ये युसुफझाई उठले. १६७२ मध्ये आफ्रिदींनी खैबरमध्ये मोगलांची फौज कापून काढली. १६७४ मध्ये शुजाअतखान मारला गेला आणि खुद्द बादशहाला हसन अब्दालला येऊन बसावे लागले. डोंगरी वाटा, अचानक छापे, पाणी आणि रसद तोडणे, मोठी फौज खिंडीत अडकवणे. हे सगळे ज्याने स्वतः केले होते, तो माणूस आता उलट्या बाजूला उभा राहून ते पाहत होता.

त्याच वर्षांत इकडे काय घडले? १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी पडले आणि कोंढाणा आला. पुरंदर आला. १६७२ मध्ये साल्हेरला उघड्या मैदानात मोगल हरले. आणि प्रतापराव गुजर, ज्यांच्याकडे नेताजींची सरनौबती गेली होती, त्यांनी बहलोलखानाला हाती सापडला असताना सोडून दिले. महाराजांनी त्यांनाही खरमरीत शब्दांत जाब विचारला. प्रतापराव ते शब्द घेऊन विजापूरला गेले नाहीत. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. एकाच पदावरचे दोन माणूस, एकाच धन्याचे दोन जाब. प्रतापरावांचे कृत्य सेनापती म्हणून शहाणपणाचे होते का, हा वेगळा विषय. महाराजांना त्यांच्या मृत्यूने फार वाईट वाटले, एवढे खरे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. अकरा दिवसांनी जिजाऊसाहेब गेल्या.

१६७६ मध्ये मोगलांनी मुहम्मद कुलीखानाला पुन्हा दक्षिणेच्या मोहिमेवर पाठवले. नऊ-दहा वर्षांत हा माणूस पूर्ण आपला झाला, असा त्यांचा हिशेब असावा. तो पूर्ण चुकला. दक्षिणेत पोचल्यावर ते मोगलांना सोडून रायगडाकडे निघाले.

त्या प्रवासाचा विचार करा. पुढे होते काय? ज्या महाराजांना त्यांनी ऐन अडचणीत सोडले होते, ते आता छत्रपती होते. खोपड्यांचा हात आणि पाय सगळ्यांना आठवत होता. समाजाची भीती वेगळीच. दहा वर्षे मुसलमान म्हणून राहिलेल्या माणसाला पंगतीत कोण घेणार? फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांना परत घेतल्याची कथा परंपरेत सांगितली जात होती; पण अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावी लागत. मोगलांकडे राहिले असते तर पगार, मनसब, नाव सगळे होते.

ते गेले. महाराजांनी त्यांना ठेवून घेतले. जून १६७६ मध्ये प्रायश्चित्त होऊन नेताजी पुन्हा नेताजी झाले. जेधे शकावलीने या घटनेची नोंद एका ओळीत उरकली आहे. तिच्यात राग नाही, कौतुक नाही. शकावली लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती त्या वर्षीची एक बातमी होती.

महाराजांनी हे का केले असावे? नेताजींना काबूलपर्यंतच्या मोगली फौजेची आतून माहिती होती, हे कारण व्यवहाराचे. परत येण्याची वाट एकाला मोकळी करून दिली, की शत्रूच्या चाकरीतल्या इतर मराठ्यांनाही ती दिसते, हे कारण राजकारणाचे. तिसरे कारण जुन्या सोबतीचे. प्रतापगडाखाली त्या नोव्हेंबरात जे बरोबर होते, त्यांतले किती जण १६७६ मध्ये उरले होते? तिन्ही कारणे एकत्र असावीत. पण मला तिसरे अधिक वजनदार वाटते, आणि हे माझे मत आहे, पुरावा नव्हे.

एका मर्यादेपर्यंतच मात्र. माणूस परत घेतला, पद परत दिले नाही. सरनौबतीवर तेव्हा हंबीरराव मोहिते होते, आणि १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत पडेपर्यंत तेच राहिले.